जुन्या आउटबोर्ड मोटरची ठिणगी : दुरुस्तीच्या धंद्यातील एक दुर्लक्षित कसब

मुंबई-गोवा महामार्गावर बांदा हे महाराष्ट्राच्या बाजूचे अखेरचे मोठे बाजारगाव. पुढे पत्रादेवी आली की गोव्याची हद्द लागते. गावाला लागून तेरेखोल नदी वाहते आणि आरोंद्यावरून पुढे जाऊन तेरेखोलच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. आदिलशाहीच्या काळात याच गावाला आदिलाबाद म्हणत. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने बांद्याचा उल्लेख व्यापारी गाव म्हणून केला आहे. त्या काळी माल नदीने येई. आज तो रस्त्याने येतो आणि गावातील कारागिराचा हातही ट्रक, जीप व स्कूटरवर बसला आहे. पण स्कूटरवर बसलेला हाच हात खाडीतल्या होडीच्या मोटरलाही चालतो, हे आपल्या बऱ्याच कारागीर बंधूंच्या ध्यानात आलेले नाही.

होडीच्या मागच्या फळीला अडकवून चालवायच्या मोटरला आउटबोर्ड म्हणतात. जॉन्सन, इव्हिन्रुड, सीगल अशा नावांची पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी मोटर मालवण, वेंगुर्ले किंवा गोव्याच्या बाजूला कोणाच्या पडवीत किंवा भंगाराच्या ढिगात निघाली, तर मालक ती वजनावर विकायला काढतो. 'करंट येत नाही' एवढेच त्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात अशा मोटरचे पिस्टन आणि गिअर पुष्कळदा शाबूत असतात. बिघडलेली असते ती ठिणगी पाडणारी यंत्रणा, आणि ती दुरुस्त करण्यासाठी लागणारी हत्यारे एका पिशवीत मावतात. म्हणून या विषयाची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

कंपनी गेली, मोटर राहिली

आउटबोर्ड मोटरचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो अमेरिकेत, ओले इव्हिन्रुड या नॉर्वेहून गेलेल्या कुटुंबातील कारागिराने १९०९ साली आपली मोटर बाजारात आणली तेव्हापासून. इंग्लंडची सीगल १९३१ साली निघाली, तर जपानच्या यामाहाने पहिली आउटबोर्ड १९६० साली काढली. पुढे जॉन्सन आणि इव्हिन्रुड बनवणारी मूळ कंपनी २००० सालच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. ते नाव दुसऱ्या कंपनीने चालवले, पण २०२० साली इव्हिन्रुडचे उत्पादनही थांबले. सीगलचे तर १९९६ सालीच बंद झाले होते.

याचा अर्थ कारागिराने नीट समजून घ्यावा. अशा मोटरच्या मालकाला जवळच्या शोरूममध्ये कोणी विचारत नाही. सुटे भाग मात्र पूर्णपणे संपलेले नाहीत. जुन्या जॉन्सन-इव्हिन्रुडचे पॉइंट, कंडेन्सर व कॉइल परदेशातील सिएरासारख्या सुट्या भागांच्या कंपन्या अजूनही बनवतात. म्हणजे माल मिळू शकतो. तुटवडा आहे तो बिघाड ओळखून काम करणाऱ्या माणसाचा.

ठिणगी पडते कशी

जुन्या मोटरला बॅटरी नसते. वरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, त्याच्या आत लोहचुंबक बसवलेले असते. दोरी ओढली की हे चुंबक खालच्या प्लेटवरील कॉइलजवळून फिरते आणि कॉइलच्या जाड तारेत वीज निर्माण होते. पॉइंट मिटलेले असेपर्यंत ही वीज वाहत राहते. कॅमच्या उंचवट्याने पॉइंट उघडले की ती एका क्षणात तुटते. तिच्यामुळे तयार झालेले चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि त्याच कॉइलवर गुंडाळलेल्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत १०-१५ हजार व्होल्टचा झटका निर्माण होतो. हा झटका प्लगच्या फटीतून उडी मारतो. तीच ठिणगी.

कंडेन्सरचे काम काय, असा प्रश्न नवशिके शागीर्द नेहमी विचारतात. पॉइंट उघडताना वीज तेथेच ठिणगी पाडून निसटू पाहते. कंडेन्सर ती क्षणभर आपल्यात साठवतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि वीज एकदम तुटते. ती जितकी झटकन तुटेल तितका प्लगवरचा झटका जोरदार.

उच्च दाबाच्या मॅग्नेटोची ही रीत स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली प्रत्यक्षात आणली. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या 'मायको'चे प्लग वापरले गेले. ती बंगळूरची कंपनी १९५१ साली याच बॉशच्या भागीदारीत उभी राहिली आणि २००८ पासून बॉश लिमिटेड नावाने चालते. जुनी लँब्रेटा किंवा पॉइंटवाली बजाज ज्याने उघडली आहे, त्याला आउटबोर्डचे फ्लायव्हील काढल्यावर खाली ओळखीचेच सामान दिसेल. फरक इतकाच की दोन सिलिंडरच्या मोटरला पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांचे दोन जोड असतात.

आता कामाचा भार पाहा. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या मोटरचा प्रत्येक पॉइंट तासाभरात २ लाख ४० हजार वेळा उघडतो व मिटतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत केसाएवढी मळी बसली तरी मोटर का अडते, हे यावरून कळेल.

खारा वारा हा खरा शत्रू

बांद्याच्या लोकांना पाण्याने विजेच्या सामानाचे काय होते ते शिकवावे लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोलचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानांतील यंत्रांचे आणि गाड्यांचे हाल सर्वांनी पाहिले. पुराचे पाणी गोडे असते. समुद्राचे पाणी सुकले तरी मीठ मागे राहते, ते हवेतील ओल ओढून घेते आणि तांब्यावर हिरवा गंज चढवत जाते. पॉइंटच्या तोंडावर तर डोळ्याला न दिसणारा पातळ थर बसतो. दोन वर्षे बंद असलेली मोटर एकही ठिणगी देत नाही, याचे कारण पुष्कळदा हा थर असतो. तो काढण्याला भाग बदलावा लागत नाही.

मोटर समुद्रात पडली असेल तर मालकाला एक गोष्ट ताबडतोब सांगावी. ती बाहेर काढून उन्हात वाळत ठेवू नये. गोड्या पाण्याने भरपूर धुवावी, प्लग काढून आतले पाणी ओतून टाकावे, आत तेल सोडावे आणि त्याच दिवशी ती चालू करून पाहावी. कारागीर लगेच मिळत नसेल तर तोपर्यंत ती गोड्या पाण्यातच बुडवून ठेवणे बरे, कारण खऱ्या अर्थाने गंज चढतो तो हवा लागल्यावर.

तपासणी क्रमाने करावी

घाईचा कारागीर आधी फ्लायव्हील काढतो. जाणता कारागीर ते सर्वांत शेवटी काढतो. क्रम असा ठेवावा.

पहिली पायरी प्लगची. प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन येत आहे आणि दोष ठिणगीत असण्याचा संभव मोठा. कोरडा असेल तर आधी टाकी, नळी व कार्ब्युरेटर पाहावा. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरींचे प्लग लवकर काळे पडतात, हेही लक्षात असावे.

दुसरी पायरी ठिणगीची. प्लग वायरला लावून त्याचे धातूचे अंग मोटरच्या स्वच्छ धातूला टेकवावे आणि दोरी ओढावी. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे आणि वायर हातात धरू नये. मात्र उघड्या हवेत प्लगने लहानशी ठिणगी दाखवली म्हणून समाधान मानू नये. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारणे फार जड जाते. म्हणून सुमारे ६ मि.मी. फटीचा टेस्टर वापरावा. तेवढी फट ओलांडून निळसर, 'चट' असा आवाज करणारी ठिणगी आली तर ती खरी. पिवळट, मरगळलेली ठिणगी आली तर पुढे जावे. वायरचे टोक कशालाही न टेकवता मोकळे ठेवून दोरी ओढत राहू नये. झटक्याला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आवरणातून वाट काढतो.

तिसरी पायरी बंद करण्याच्या बटनाची. हे बटन कॉइलची वीज मोटरच्या अंगात सोडून ठिणगी मारते. त्याच्या वायरची साल निघाली किंवा बटनात मीठ साचले, तर कोणी न दाबताही ते दाबलेलेच राहते. ती वायर सोडवून पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी आली तर काम पाच मिनिटांचे होते, आणि पैसेही तेवढ्याच कामाचे घ्यावेत.

चौथी पायरी प्लगच्या वायरची. जुने रबर कडक होऊन तडकते. अंधाऱ्या जागी दोरी ओढून पाहिली तर ठिणगी वायरमधून मधेच बाहेर गळताना दिसते. टोकाची टोपी काढून तांबे हिरवे झाले आहे का तेही पाहावे.

फ्लायव्हीलखालचे काम

एवढे करून ठिणगी येत नसेल तरच फ्लायव्हील काढावे. त्यावरील आट्यांच्या छिद्रांत बोल्ट बसवून ओढणारा पुलर वापरावा. कडेला पकडून ओढणाऱ्या पुलरने चाक वाकते. क्रँकच्या टोकावर थेट हातोडा मारणे हा तर गुन्हाच समजावा, कारण त्याने आटे आणि आतले बेअरिंग दोन्ही जातात. चाक निघाल्यावर त्याची चावी पाहावी. ती थोडी जरी कातरली गेली असेल तर चाक किंचित फिरून बसते, ठिणगी जोरदार असूनही चुकीच्या वेळी पडते, आणि कारागीर दिवसभर कार्ब्युरेटर साफ करत बसतो.

पॉइंटवर तेल, गंज किंवा खड्डे आहेत का ते पाहावे. थर पातळ असेल तर बारीक ऑइल स्टोनने तो हलक्या हाताने काढावा. नंतर स्पिरिटमध्ये भिजवलेला जाड कोरा कागद पॉइंटच्या मध्ये धरून ओढावा, म्हणजे घासलेली भुकटी निघून जाते. ही शेवटची पायरी गाळली तर साफ केलेला पॉइंटही वीज सोडत नाही. खड्डे खोल असतील तर पॉइंट बदलावेत.

फट फिलर गेजने मोजावी, आणि तीही पॉइंटचा पाय कॅमच्या सर्वांत उंच जागी असताना. जॉन्सन-इव्हिन्रुडच्या दोन सिलिंडरच्या जुन्या लहान मोटरींना आणि सीगलला ती ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. दुसऱ्या मोटरला हाच आकडा लावू नये. तिचे मॅन्युअल मिळवावे. फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून शेवटी मल्टिमीटर लावून पॉइंट नेमके खुणेवर उघडतात का, हे तपासावे.

पॉइंट निळसर जळलेले दिसले तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. अशा मोटरींत त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते आणि ती मोजणारे मीटर आता सहज मिळते. जवळपासच्या क्षमतेचा दुसरा कंडेन्सर वेळेला चालू शकतो, पण तो घट्ट बसला पाहिजे आणि त्याचे अंग प्लेटला नीट टेकले पाहिजे.

कॉइलकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. पन्नास-साठच्या दशकांतील जॉन्सन-इव्हिन्रुडच्या कॉइलचे आवरण तडकते, हा त्या मोटरींचा जगभर ठाऊक असलेला दोष आहे. तडा दिसला की मीटर काहीही सांगो, ती कॉइल बदलावी. मीटर तार तुटली आहे का एवढेच सांगते; तापल्यावर आवरण टिकेल का, हे ते सांगू शकत नाही. पंधरा-वीस मिनिटे चालून बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होणारी मोटर आली, तर पहिला संशय कॉइल व कंडेन्सरवर घ्यावा. नवी कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पायांची जागा प्लेटवरील खुणेप्रमाणे ठेवावी. ते बाहेर आले तर चुंबकाला घासतात, आत राहिले तर ठिणगी कमजोर पडते.

चाक परत बसवताना क्रँकचा निमुळता भाग कोरडा व स्वच्छ असावा, त्याला ग्रीस लावू नये. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळावा. चाक ढिले राहिले की चावी पुन्हा कातरते.

प्लगची एक धोक्याची जागा

जुन्या लहान जॉन्सन-इव्हिन्रुडना बहुधा चँपियनचा जे-६-सी जातीचा प्लग लागतो. त्याचे आटे १४ मि.मी. व्यासाचे, पण आत जाणारी लांबी ९.५ मि.मी. एवढीच असते. स्कूटरच्या कित्येक प्लगांचा व्यास तोच, लांबी मात्र १२.७ मि.मी. असते. असा प्लग आट्यांत बरोबर बसतो, म्हणून फसगत होते. आत गेलेले टोक पिस्टनवर आदळले तर करंटची दुरुस्ती बाजूला राहून सिलिंडरची दुरुस्ती निघते. नवा प्लग जुन्याशेजारी धरून लांबी पाहण्याची सवय शागिर्दाला पहिल्या दिवसापासून लावावी.

नव्या मोटरींचे काय

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक पद्धत आली. तीत घासणारा भाग नाही, त्यामुळे बिघाड कमी होतात. पण बंद डबा नादुरुस्त झाला तर तो बदलावाच लागतो. तरीही बटन, वायर, टोपी व प्लग यांची वर सांगितलेली तपासणी तेथेही तशीच लागू पडते. म्हणून पॉइंटवर शिकलेले कसब वाया जात नाही.

धंद्याची शिस्त

रस्त्यावर स्कूटर बंद पडली तर माणूस ती ढकलत नेतो. खाडीच्या मुखाशी, जेथे ओहोटीचे पाणी आणि बाहेरून येणारी लाट एकमेकांना भिडतात, तेथे मोटर बंद पडली तर होडी आडवी होते. आत बसलेल्या माणसांच्या हाती वल्ही आणि नशीब एवढेच उरते. हे काम हाती घेणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावा.

यासाठी काही नियम पाळावेत. दुरुस्त मोटर कोरडी चालवून दाखवू नये. पाण्याच्या पंपातले रबरी चाक त्याने थोड्याच वेळात जळते. पिंपात पाणी भरून मोटर त्यात सोडावी आणि निदान अर्धा तास चालवावी, म्हणजे तापल्यावर उघड होणारा दोष आपल्या अंगणातच उघड होईल. ग्राहकाला काढलेले जुने भाग परत द्यावेत. काय बदलले, फट किती ठेवली, कोणता प्लग बसवला हे कागदावर लिहून द्यावे आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. तपासणीची मजुरी आणि दुरुस्तीची मजुरी आधीच वेगळी सांगावी. बटनाची एक वायर सोडवून काम झाले असेल तर नव्या कॉइलचे पैसे लावण्याचा मोह टाळावा. किनाऱ्यावरचे लोक एकमेकांच्या सल्ल्याने चालतात. एका तांडेलाचा विश्वास बसला तर बंदरातली चार कामे येतात, आणि उडाला तर चारही जातात.

तडकलेली कॉइल असलेली मोटर 'सध्या चालते' म्हणून परत देऊ नये. मालक भाग बदलायला तयार नसेल तर तसे कागदावर लिहावे आणि तोंडाने स्पष्ट सांगावे की ही मोटर घेऊन खाडीबाहेर जाऊ नका. दुसऱ्याची मोटर आपल्याकडे असते तोवर ती अमानत आहे. तिच्यावर विसंबणाऱ्यांच्या जिवाचा हिशेबही त्याच अमानतीत येतो.

वेळ केव्हाची

पश्चिम किनाऱ्यावर २०१५ पासून यांत्रिक मासेमारीवर पावसाळ्यात ६१ दिवसांची, १ जून ते ३१ जुलै अशी बंदी ठरवण्यात आली. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हाच मोटर उघडण्याची योग्य वेळ. मोटर पावसाळाभर तशीच शेडमध्ये टाकून ऑगस्टमध्ये दोरी ओढणारा मालक पॉइंटवरचा थर स्वतःच वाढवत असतो. कारागिराने मे महिन्यातच जाऊन कामे ठरवावीत आणि पाऊस संपायच्या आत मोटरी तयार ठेवाव्यात.

सुरुवातीला फिलर गेज, बोल्टचा पुलर, मल्टिमीटर, ठिणगीचा टेस्टर, बारीक ऑइल स्टोन आणि पाण्याचे एक पिंप एवढे सामान पुरे. यातले निम्मे स्कूटरच्या गॅरेजात आधीच असते. शिकण्यासाठी भंगारातून एक बंद पडलेली जुनी मोटर घ्यावी आणि घाई नसताना ती वर सांगितलेल्या क्रमाने उघडावी. ग्राहकाच्या मोटरवर शिकण्याची वेळ येऊ देऊ नये.